कुसुमताई बाहेर राहिल्या

कर्वेनगरमधल्या त्या तीन मजली इमारतीला लिफ्ट नाही, आणि दिवसाचा वॉचमन ठेवायचा की नाही यावर सोसायटीच्या सलग तीन सभांमध्ये एकमत झालेलं नाही. बारा फ्लॅटमधली निम्मी माणसं सकाळी नऊच्या आत कामावर निघून जातात. दुसऱ्या मजल्यावर साठ्ये राहतात. अवधूत हिंजवडीला एका कंपनीत आहे. त्याची बायको ऋचा घरी बसून शालेय पुस्तकांची मुद्रितं तपासते. साडेतीन वर्षांची स्पृहा बालवाडीत जाते. आणि अवधूतची आई कुसुमताई मुलींच्या शाळेत सदतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या आहेत.

गेल्या डिसेंबरात मागच्या गल्लीत एक प्रकार झाला. गॅसची पाइपलाइन तपासायला आलोय असं सांगून दोघे एका घरात शिरले, एकट्या असलेल्या सत्तरीच्या बाईंना त्यांनी खुर्चीला बांधलं आणि कपाटं रिकामी केली. बाई वाचल्या. पण मुलाकडे बंगळुरूला गेल्या त्या परत आल्याच नाहीत. कुसुमताईंची त्यांच्याशी भाजीच्या गाडीवरची ओळख होती.

सोसायटीने भीमराव ओव्हाळांना बोलायला सांगितलं. ते पहिल्या मजल्यावर राहतात. पोलीस खात्यात हवालदार होते, आता निवृत्त. गच्चीवर खुर्च्या मांडल्या, आणि भीमराव अर्धा तास शांतपणे बोलले.

"चोराशी मारामारी करायची नाही. घरात कोयता, काठी, मिरचीची पूड ठेवून उपयोग नसतो. ते तुमच्याच हातातून काढून घेतात. त्याच्या आणि आपल्यामध्ये एक दार ठेवायचं, बस. घरातली एक खोली ठरवा. तिचं दार भक्कम करा, आतून दोन कड्या बसवा. आत एक चार्ज केलेला फोन ठेवा. घरात जेवढी माणसं असतील तेवढ्यांनी त्या खोलीत जायचं, कड्या लावायच्या, एकशे बाराला फोन करायचा, आणि पोलिसांचा आवाज येईपर्यंत दार उघडायचं नाही. बाकी वस्तू गेल्या तर जाऊ द्यात."

अवधूतला हे पटलं, आणि एखादी गोष्ट पटली की तो अर्ध्यावर सोडणारा नव्हता. त्याने आपली आणि ऋचाची झोपायची खोली निवडली. जुनं पोकळ दार काढून सागवानी दार बसवलं, वर-खाली जाड पोलादी कड्या लावल्या. पलंगाशेजारच्या खणात जुना मोबाइल, टॉर्च, शिट्टी आणि पाण्याची बाटली ठेवली. बाहेरच्या सेफ्टी डोअरला साखळी लावली. सात सूचना टाइप करून, त्यांना प्लास्टिक चढवून कपाटाच्या दाराच्या आत चिकटवल्या. जानेवारीतल्या दर रविवारी सकाळी सराव सुरू झाला. अवधूत बाहेरच्या दारात उभा राहून टाळी वाजवी, आणि जो जिथे असेल तिथून त्याने पंचवीस सेकंदांत खोलीत पोहोचायचं.

ऋचा आणि स्पृहा बारा सेकंदांत पोहोचत. स्पृहाला तो खेळच वाटे. कुसुमताईंना बाल्कनीतल्या खुर्चीतून उठून खोलीपर्यंत यायला चाळीस सेकंद लागत.

"अणुबॉम्बची तालीम यातच धरायची की तिला वेगळा रविवार आहे?" दुसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं.

"आई, थट्टा नको. चाळीस सेकंद फार होतात."

"मग मला बाहेर ठेवा. माझ्याकडून ते काय नेणार, गुडघे? न्यावेत. आशीर्वाद देईन." मग ऋचाकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि तू स्पृहाला घेऊन आत गेलीस की माझ्यासाठी उघडत बसू नकोस. सूचना क्रमांक पाच वाचली आहेस ना?"

पाचवी सूचना तीच होती. कड्या लावल्यानंतर घरातल्या कोणीही सांगितलं तरी उघडू नये, कारण सांगणाऱ्याच्या मानेवर सुरी असू शकते. ऋचा हसली. अवधूतने आईची वेळ वहीत लिहिली.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी स्पृहाला सर्दी होती म्हणून ती घरी होती. सव्वाअकराच्या सुमारास ऋचाने तिला आंघोळ घातली, टॉवेलात गुंडाळलं आणि कडेवर घेऊन ती खोलीच्या दाराशी आली. कुसुमताई खाली भाजी आणायला गेल्या होत्या. बाहेर किल्लीचा आवाज झाला, दार उघडलं, आणि ऋचाने सहज तिकडे पाहिलं.

कुसुमताई आत येत होत्या आणि त्यांच्या मागे एक तरुण माणूस होता. त्याच्या हातात त्यांची भाजीची पिशवी होती. नीट इस्त्री केलेला शर्ट, केस विंचरलेले. कुसुमताई वळून त्याला काहीतरी म्हणत होत्या, बहुधा पिशवी ठेवायला सांगत होत्या. तेवढ्यात जिन्यातून दुसरा वर आला, त्याने त्या दोघांना ढकलत आत घेतलं आणि दार लावलं. त्याच्या हातात चाकू होता. साधा, स्वयंपाकघरातल्यासारखा.

पुढचं काय झालं ते ऋचाने नंतर पुष्कळ जणांना सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तिला त्यातला एक भाग सांगता आला नाही, कारण तो तिला आठवतच नव्हता. ती दारात होती आणि मग ती आत होती, खालची कडी लागलेली होती आणि हात वरच्या कडीवर होता. कुसुमताई तिच्यापासून सात-आठ पावलांवर होत्या. ऋचाने त्यांना हाक मारली नव्हती. त्यांच्याकडे एक पाऊलही टाकलं नव्हतं. सरावात शिकलेलं शरीराने आपोआप करून टाकलं होतं.

"आजी राहिली," स्पृहा म्हणाली.

ऋचाने तिला पलंगावर ठेवलं आणि खण उघडला. जुना फोन सुरू झाला, पण त्यात नऊ टक्के चार्ज होता. गेले दोन रविवार सराव झाला नव्हता, आणि फोन रविवारीच चार्ज व्हायचा. तिचा स्वतःचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर होता. तिने एकशे बारा लावला आणि कपाटाच्या कोपऱ्यात तोंड घालून पत्ता सांगितला. पलीकडची बाई स्थिर आवाजात प्रश्न विचारत होती. किती जण आहेत, हत्यार आहे का, आत कोण आहे, बाहेर कोण आहे.

"बाहेर माझ्या सासूबाई आहेत," ऋचा म्हणाली.

"गाडी निघालीय. फोन चालू ठेवा. दार उघडू नका."

शिट्टी खणात समोरच पडली होती. खिडकीतून जोरात फुंकायची, असं सहाव्या सूचनेत होतं. ऋचाने ती उचलली आणि पुन्हा ठेवली. शिट्टी वाजली की बाहेरचे बिथरणार, आणि बिथरलेल्यांच्या हाताशी कुसुमताई होत्या. खिडकीला जाड ग्रिल होतं, तेही अवधूतने जानेवारीतच बदलून घेतलेलं. बोटाएवढ्या सळ्या, मध्ये चार इंचांची फट, समोर शेजारच्या इमारतीची मागची भिंत. तिथे कोणीच दिसत नव्हतं. सगळी तयारी सगळे आत असतील असं धरून केलेली होती. एक माणूस बाहेर राहिलं की त्यातली एकही गोष्ट वापरता येत नव्हती.

बाहेर भांडी पडल्याचा आवाज आला. मग कुसुमताईंच्या खोलीतलं कपाट उघडल्याचा. मग कुसुमताईंचा आवाज, वर्गात बोलत असल्यासारखा:

"तिथे साड्या आहेत. नेसणार असाल तर न्या."

ऋचाला एक क्षण बरं वाटलं. त्या बोलत होत्या म्हणजे त्या ठीक होत्या. मग काहीतरी थाडकन वाजलं, आणि त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

पावलं दाराशी आली. मूठ फिरली. कोणीतरी खांद्याने धक्का दिला. दार हललं नाही.

"ताई," पिशवीवाला असावा, आवाज सौम्य होता, "उघडा दार. कपाट बघतो आणि जातो. आजींना काही करणार नाही."

स्पृहा पलंगावरून उतरून ऋचाच्या पायाशी आली होती. टॉवेल गळून पडला होता आणि ती उघडीच थरथरत होती. ऋचाने तिला उचललं आणि दारापासून लांब, पलंगाच्या पलीकडे जाऊन खाली बसली. खोली दहा बाय बारा होती. ती आयुष्यात कधी एवढी लहान वाटली नव्हती. हवा कमी झाल्यासारखं वाटत होतं, पंखा चालू असूनही.

"सांग तिला," दुसरा आवाज म्हणाला.

मग कुसुमताई म्हणाल्या, "ऋचा, दार उघड."

सपाट आवाज होता, पाठ म्हणून दाखवल्यासारखा. त्यांना बोलायला लावलंय, ऋचा स्वतःशी म्हणाली. पाचवी सूचना. त्यांनीच सांगितलं होतं.

"ऐकू येतंय का, ताई? हात मोडतो यांचा."

आणि मग एक आवाज आला, त्याला ऋचा नंतर कोणताच शब्द देऊ शकली नाही. ओरडणं नव्हतं ते. श्वास आत ओढून घेतल्यासारखा आवाज होता. त्यामागोमाग कुसुमताई पुन्हा बोलल्या.

"ऋचा. दार उघड गं बाळा. उघड."

लग्नाला सात वर्षं झाली होती. कुसुमताईंनी तिला कधी बाळा म्हटलं नव्हतं. त्या अवधूतलाही म्हणत नसत.

"आजी बोलावतेय," स्पृहा म्हणाली आणि मोठ्याने रडायला लागली. तिने ऋचाच्या हातातून सुटून दाराकडे धाव घेतली. ऋचाने तिला दाराशी पकडलं, तोंडावर हात दाबला, आणि स्पृहा तिच्या तळव्याला कडकडून चावली. त्याच अवस्थेत, एका हाताने मुलीला धरून, ऋचाने दुसरा हात वरच्या कडीवर ठेवला. कडीचा दांडा थंड होता. तो फक्त उजवीकडे वळवून खाली ओढायचा होता. दाराच्या पलीकडे, एक-दोन फुटांवर, कुसुमताईंचा श्वास ऐकू येत होता.

तिने हात काढला.

"आई," ती दाराला म्हणाली, "मी नाही उघडत." मग मोठ्याने म्हणाली, "पोलिसांना फोन केलाय. निघालेत ते. हे बघा, लाइनवर आहेत."

तिने फोन स्पीकरवर केला. पलीकडची बाई काहीतरी म्हणाली, आणि तो सरकारी आवाज दारापलीकडे पोहोचला असावा. दोघे आपसांत कुजबुजले. काहीतरी जड खाली पडलं. पावलं धावली, बाहेरचं दार आपटलं आणि जिन्यात आवाज विरून गेला. त्याच वेळी फोन बंद पडला.

आता घरात काहीच आवाज नव्हता. फ्रिजची घरघर तेवढी होती.

"आई?" ऋचाने हाक मारली.

उत्तर आलं नाही.

"आई, गेले का ते?"

दोघेही गेले की एकच गेला, हे तिला कळत नव्हतं. एकाने दार आपटायचं आणि दुसऱ्याने थांबायचं, असंही करतात, भीमरावांनी गच्चीवर सांगितलं होतं. ती दाराला कान लावून बसली. स्पृहा रडून रडून थकली होती आणि मांडीवर उचक्या देत होती. ऋचाने पलंगावरची चादर तिच्याभोवती गुंडाळली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा सदतीस झाले होते. तिने आणखी तीनदा हाक मारली. अकरा त्रेचाळीसला तिने खालची कडी काढली. काढली आणि पुन्हा लावली. अकरा सेहेचाळीसला जिन्यात बूट वाजले, आणि भीमराव बाहेरून म्हणाले, "ऋचाताई, मी भीमराव. पोलीस माझ्याबरोबर आहेत. घरात दुसरं कोणी नाही. आता उघडा."

नऊ मिनिटं झाली होती.

कुसुमताई दाराला लागूनच, भिंतीशी पडल्या होत्या. दार आत उघडणारं होतं म्हणून बरं. उजवं मनगट विचित्र कोनात वळलं होतं. डोळे उघडे होते. त्यांनी ऋचाकडे पाहिलं, मग तिच्या कडेवरच्या स्पृहाकडे पाहिलं, आणि डोळे मिटले.

मनगटाची दोन हाडं मोडली होती. छोटी शस्त्रक्रिया करून आत धातूची पट्टी घातली आणि वर प्लास्टर. माकडहाडाला मार होता. तीन दिवसांनी त्या घरी आल्या. चोरांनी कुसुमताईंच्या गळ्यातली साखळी आणि अवधूतचा लॅपटॉप नेला होता. ऋचाचं कपाट वाचलं होतं.

सगळे ऋचाला शाबासकी देत होते. सोसायटीच्या ग्रुपवर तिच्या धैर्याबद्दल दोन दिवस लिहून येत होतं. ठाण्यातल्या पोलीस निरीक्षक बाई म्हणाल्या की दार उघडलं असतं तर तिघींचं काय झालं असतं सांगता येत नाही. अवधूत तर भारावून गेला होता. "एकही चूक नाही," तो येईल त्याला सांगत असे. "चार्जिंगचं सोडलं तर." ऋचा मान हलवून स्वयंपाकघरात जाई. तिथे ओट्याला टेकून उभी राही, आणि तळहातावरच्या चाव्याच्या खुणा बघत बसे.

कुसुमताई काही बोलत नव्हत्या. रुसल्या होत्या असंही नाही. ऋचा त्यांना आंघोळ घाली, वेणी घाली, डाव्या हाताने जेवता येत नसे म्हणून घास भरवी. प्रत्येक वेळी त्या म्हणत, "आभारी आहे." भाजीत मीठ कमी पडलं तर बोलत नसत. पूर्वी म्हणाल्या असत्या, मिठावर कर वाढलाय का. टीव्हीवर निवेदक चुकीचं मराठी बोलला तरी त्या बघत राहत. त्यांच्या तिरकस बोलण्याचा सात वर्षं ऋचाला त्रास झाला होता. आता ते बंद झालं, तर घर ओळखीचं राहिलं नाही.

अवधूतने बाहेरच्या दारापुढे आणखी एक लोखंडी सरकतं गेट बसवलं. जिन्यात कॅमेरा लावला. घरात यायला आता तीन कुलुपं उघडावी लागत, आणि बाहेर जायलाही. कुसुमताई बाहेर पडेनाशा झाल्या. ऋचाही कामापुरतीच पडे. स्पृहाला बालवाडीत सोडून आली की तिन्ही कुलुपं लावायची, मुद्रितं घेऊन टेबलाशी बसायचं. शेजारच्या खोलीत कुसुमताई बसलेल्या असत. दोघींमध्ये एक भिंत असे आणि उघडं दार असे. घड्याळ ऐकू यायचं. कधी दाराची बेल वाजली तर दोघी एकाच वेळी उठून उभ्या राहत, आणि एकमेकींकडे न बघता परत बसत.

मार्चच्या मध्यावर भीमराव आले. पिशवी उचलणारा माणूस दुसऱ्या एका गुन्ह्यात सापडला होता. येरवड्याच्या तुरुंगात ओळखपरेड होईल, पुढे कधीतरी कोर्टात साक्ष होईल.

"वर्षं जातात, बाई," ते कुसुमताईंना म्हणाले. "पोलिसांनी जबाब घेतलाय, पण तुम्ही तुमच्यासाठी सगळं लिहून ठेवा. जसं झालं तसं, क्रमाने. नंतर वकील गोंधळात पाडतात."

"उजवा हात त्यांच्या अशिलाने मोडलाय," कुसुमताई म्हणाल्या. खूप दिवसांनी त्या तशा बोलल्या.

"सूनबाईंना सांगा. त्या लिहितील."

ते गेल्यावर कुसुमताई म्हणाल्या, "फुलस्केप आहे का? आण. आत्ताच संपवून टाकू."

ऋचा त्यांच्यासमोर बसली. कुसुमताई सांगू लागल्या. त्या भूगोलाच्या बाई होत्या. दिशा, अंतरं, क्रम, सगळं चोख येत होतं. भाजी घेऊन फाटकातून आत आले. गुडघे दुखत होते म्हणून पहिल्या वळणावर थांबले. एक तरुण मागून आला, त्याने पिशवी मागितली. मी दिली. "यापुढे लिही, की मी ओळख विचारली नाही. ही माझी चूक."

"हे कशाला लिहायचं, आई?"

"जसं झालं तसं लिहायचंय."

ऋचाने लिहिलं. दार, चाकू, साड्या. साड्यांवरच्या बोलण्याबद्दल खाल्लेली थप्पड. मग कुसुमताईंनी खिडकीबाहेर पाहिलं आणि एकाच सुरात सांगितलं:

"त्यांनी मला सुनेला दार उघडायला सांग म्हणून दरडावले. मी सांगितले. दार उघडले गेले नाही. नंतर एकाने माझा हात पिरगाळला. त्यानंतर मी पुन्हा सांगितले. ते मला कोणी सांगायला लावले नव्हते. मी स्वतःहून सांगितले."

ऋचाचं पेन थांबलं.

"लिहिलंस?"

"आई, मला वाटलं तेही त्यांनीच..."

"पहिल्यांदा त्यांनी. दुसऱ्यांदा मी." कुसुमताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. "मला खरंच वाटत होतं तू उघडावंस. त्या वेळी मला दुसरं काही दिसतच नव्हतं. स्पृहा आत आहे हे मला आठवत नव्हतं, ऋचा. ती रडायला लागली तेव्हा आठवलं. आणि आठवल्यावरही मी, 'उघडू नकोस' असं काही ओरडले नाही. गप्प राहिले. अजून वाट बघत होते."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"मी सगळ्यांना सांगत होते, मला बाहेर ठेवा म्हणून. ते सोपं होतं. पाच मिनिटांत माझं खरं काय ते कळलं. तू हाका मारत होतीस नंतर, त्या मला ऐकू येत होत्या. ओ देता आली असती. दिली नाही, कारण मला लाज वाटत होती. आणि रागही आला होता."

"माझा?"

"मग काय भाजीवालीचा?"

ऋचाने पेन खाली ठेवलं. "मलाही एक सांगायचंय," ती म्हणाली. "सगळे म्हणतात मी स्पृहासाठी उघडलं नाही. मी तुम्हाला हाकसुद्धा न मारता आत गेले. नंतर माझा हात कडीवर होता. मी काढला तेव्हा माझ्या डोक्यात स्पृहा नव्हती. मला त्या माणसाची भीती वाटली, बस. आणि शेवटी एकदा कडी काढली होती, ती पुन्हा लावली. तेव्हा तर तुमचा आवाजही येत नव्हता. मला वाटलं होतं तुम्ही..."

कुसुमताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, जवळही घेतलं नाही. तशा त्या नव्हत्याच.

"हे आधी सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. "महिनाभर लोक तुझे पोवाडे गात होते आणि मला घास गिळवत नव्हता. मला वाटायचं, घरात एकटी मीच भित्री."

ऋचाला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला ठसका लागला. कुसुमताईंनी डाव्या हाताने पाण्याचं भांडं पुढे सरकवलं.

"राग गेला का?" ऋचाने थोड्या वेळाने विचारलं.

"नाही," कुसुमताई म्हणाल्या. "जाईल तेव्हा सांगेन. तुझा माझ्यावरचा?"

ऋचाने विचार केला. "मला आहे की नाही तेच माहीत नाही."

"बघ शोधून. घे ते पेन. 'स्वतःहून' लिहिलंयस ना? खोडू नकोस."

तो कागद चार पानांचा झाला. ऋचाने सवयीने शेवटी शुद्धलेखन तपासलं. संध्याकाळी अवधूतने तो वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाच्या दाराच्या आतली यादी त्याने काढली. कोणी त्याला काढायला सांगितलं नव्हतं, आणि नवी कोणती लावावी हे त्याला सुचलं नव्हतं. कड्या मात्र राहू दिल्या. सरकत्या गेटबद्दल कुसुमताईंनीच सांगितलं, की ते दिवसा उघडं राहील, आणि कोणाला मान्य नसेल तर त्या सदाशिव पेठेत बहिणीकडे जातील. त्या गेल्याही, महिनाभर, प्लास्टर निघाल्यावर. परत आल्या तेव्हा त्यांना पुन्हा भाजीत मीठ कमी वाटायला लागलं होतं.

ओळखपरेड एप्रिलच्या शेवटी झाली. रिक्षाने दोघीच गेल्या. आत ओळीने नऊ-दहा जण उभे केले होते. ऋचाला ओळखता आलं नाही. तिने त्याला दोन-तीन सेकंदच पाहिलं होतं, तिने तसं सांगितलं. कुसुमताई ओळीसमोरून एकदा चालत गेल्या आणि सहाव्या माणसासमोर थांबल्या.

बाहेर आल्यावर त्या कंपाउंडच्या सावलीत उभ्या राहिल्या. उजवा हात त्यांनी पदराखाली घेतला.

"केस विंचरायला दिले नव्हते त्याला," त्या म्हणाल्या. "बराच लहान दिसत होता. माझ्या वर्गातल्या पोरींचे भाऊ असायचे, तसा."

"तुम्हाला खात्री आहे ना, आई?"

"आहे. तीच तर पंचाईत आहे." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "रिक्षा बघ. इथे उभी राहिले तर मला दया यायला लागेल, आणि ती मला परवडणार नाही."

ऋचा रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवू लागली. पहिल्या दोघांनी कर्वेनगर ऐकून मान हलवली. तिसरा तयार झाला.